एसएलबी: शेअर उसने द्यायला चांगली सोय, मंदी करायला महाग

पुण्यात बजाज, भारत फोर्ज, कमिन्स यांचे शेअर वीस-पंचवीस वर्षं न हलवता ठेवणारी घरं पुष्कळ आहेत. डिव्हिडंड येतो तेवढा घ्यायचा, विकायचं नाही. याच शहरात हे शेअर पडणार म्हणून शॉर्ट मारणारेही कमी नाहीत. या दोघांची गाठ घालून देणारी अधिकृत सोय म्हणजे एसएलबी, सिक्युरिटीज लेंडिंग अँड बॉरोइंग. सेबीच्या चौकटीत ती एप्रिल २००८ पासून चालू आहे, तरी बहुतेकांच्या ॲपमध्ये ती दिसतही नाही. देणाऱ्याला ती फायद्याची आहे. घेणाऱ्याची दमछाक करते. पण तिचा खरा उपयोग तिसराच आहे: एखाद्या शेअरमध्ये मंदीवाल्यांची किती ओढ आहे, हे भारतात सर्वांत प्रामाणिकपणे इथंच कळतं.

शॉर्ट सेलिंग म्हणजे हातात नसलेला शेअर आधी विकायचा आणि नंतर स्वस्तात घेऊन परत करायचा. भारतात उसनवारीची सोय न करता विकून डिलिव्हरी चुकवणं, म्हणजे नेकेड शॉर्ट, चालत नाही. मग मार्ग उरतात तीन: त्याच दिवशी परत घेणं (इंट्राडे), फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा आज भाव ठरवलेला करार, विकणं किंवा एसएलबीतून शेअर उसना घेऊन विकणं.

इंट्राडे सर्वांत सोपं आणि सर्वांत फसवं. दुपारी सव्वातीनच्या आसपास ब्रोकर स्वतःच सौदा बंद करतो. पण शेअर अपर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या भाववाढीच्या कमाल मर्यादेला, लागला तर विकणारा कुणी नसतो आणि सौदा उघडाच राहतो. ज्यांचं फ्युचर चालतं त्या शेअरना ठरावीक सर्किट नसतं, मर्यादा सरकत जाते. ५, १० किंवा २० टक्क्यांची पक्की भिंत असते ती बाकीच्या शेअरना, आणि अडकतात ते तिथेच. दुसऱ्या दिवशी माल देता आला नाही की एक्स्चेंज लिलाव करतं. लिलावातही शेअर मिळाला नाही, तर क्लोज-आउट, म्हणजे शेअरऐवजी पैशात हिशेब मिटवणं: सौद्याच्या दिवसापासून लिलावापर्यंतचा सर्वांत वरचा भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या सेटलमेंट भावाहून २० टक्के जास्त, यांतला मोठा आकडा खिशातून जातो. फ्युचर नसलेल्या छोट्या शेअरमध्ये इंट्राडे शॉर्ट करूच नये, हे आमचं स्पष्ट मत.

आता एसएलबी. आधी ब्रोकर या विभागाचा सभासद आहे का, ते विचारा. नुसतं डीमॅट असून भागत नाही. एसएलबीचा वेगळा करार किंवा संमती द्यावी लागते आणि काही ठिकाणी ऑर्डर अजूनही फोनवर किंवा ई-मेलवर घेतात. टिळक रस्त्यावरच्या किंवा डेक्कनवरच्या फ्रँचायझी कार्यालयात विचारलं तर समोरचा माणूस आधी मुख्य कार्यालयाला फोन लावेल, याची तयारी ठेवा. मग शेअर पात्र यादीत आहे का ते बघायचं. ज्यांवर फ्युचर-ऑप्शन चालतात ते शेअर यादीत असतात.

पडद्यावर दिसणारा भाव शेअरचा नसतो. तो महिनाभराच्या किंवा निवडलेल्या मुदतीच्या उसनवारीचं शुल्क असतं, दर शेअरला इतके रुपये. नवखा माणूस इथेच चुकतो आणि १,२०० रुपयांच्या शेअरसमोर ४ रुपये बघून गोंधळतो. मालिका महिन्याच्या असतात आणि मुदत जास्तीत जास्त १२ महिने. परतफेड त्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, सुट्टी आली तर तारीख सरकते. सौदा झाला की पुढच्या कामाच्या दिवशी शेअर देणाऱ्याच्या डीमॅटमधून जातो आणि शुल्क त्याच्या खात्यात येतं. मध्ये सौदा पुरा होण्याची हमी घेणारं क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं असल्याने समोर कोण आहे, त्याची ऐपत काय, याची काळजी देणाऱ्याला करावी लागत नाही.

उदाहरणादाखल हिशेब मांडू. १,२०० रुपयांचे ५०० शेअर, म्हणजे ६ लाखांचा माल, एका महिन्यासाठी दर शेअरला ४ रुपयांनी दिला तर २,००० रुपये मिळतात. महिन्याला साधारण ०.३३ टक्के. त्यातून ब्रोकरेज आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वजा. काही ब्रोकर शुल्काच्या टक्केवारीने ब्रोकरेज घेतात. किमान रक्कम लावली असेल तर छोट्या सौद्यात हाती फारसं उरत नाही. तो दर आधी लेखी मागावा.

दिलेल्या काळात डिव्हिडंड जाहीर झाला तर तेवढी रक्कम घेणाऱ्याकडून वसूल होऊन देणाऱ्याला मिळते. शेअरचं विभाजन झालं तर संख्या त्या प्रमाणात बदलते. मतदानाचा हक्क मात्र राहत नाही, कारण शेअर नावावर नसतो. मुदतीआधी शेअर परत हवा असेल तर ‘रिकॉल’ची सोय आहे, पण ती कागदावर दिसते तितकी सरळ नाही. त्या जागी दुसरा कुणीतरी शेअर द्यायला तयार असावा लागतो आणि आपल्या बाजारात तो नेहमी मिळतोच असं नाही. म्हणून फ्लॅटचा पुढचा हप्ता किंवा मुलीची फी ज्या शेअरवर अवलंबून आहे, तो देऊ नये. भाव कोसळत असताना विकता न येणं, हीच देणाऱ्याची खरी जोखीम.

घेणाऱ्याची बाजू वेगळी. त्याला शेअरच्या पूर्ण किमतीहून जास्त मार्जिन, म्हणजे तारण, अडकवावं लागतं. भाव चढला तर आणखी. वर शुल्क आणि मधला डिव्हिडंडही त्याच्याच माथी. शेअर विकताना तो शॉर्ट आहे हे सांगणं बंधनकारक: संस्थांनी ऑर्डर टाकतानाच, किरकोळ गुंतवणूकदाराने त्या दिवशीचा बाजार बंद होण्याआधी. एवढ्या खटाटोपापेक्षा फ्युचर विकणं स्वस्त पडतं, कारण तिथे मार्जिन किमतीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासपासून सुरू होतं. फक्त स्टॉक फ्युचरची डिलिव्हरी २०१९ पासून सक्तीची आहे, हे विसरू नका. एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत, विकलेलं फ्युचर धरून ठेवलं तर शेअर द्यावेच लागतात. ते नसतील तेव्हा एसएलबीतून उसने घेऊन देणं, हा घेणाऱ्यासाठीचा एक शहाणा उपयोग आहे.

अमेरिकेत कंपनीगणिक शॉर्ट इंटरेस्ट, म्हणजे उसने घेऊन विकलेले आणि अजून परत न केलेले एकूण शेअर, महिन्यातून दोनदा जाहीर होतं. त्याला रोजच्या सरासरी उलाढालीने भागलं की ‘डेज टू कव्हर’ मिळतात. ३० लाख शेअर शॉर्ट आणि रोजची उलाढाल ६ लाख, तर सगळ्यांना बाहेर पडायला ५ दिवस. हा आकडा मोठा झाला की मंदीवाल्यांचीच कोंडी होते. ऑक्टोबर २००८ मध्ये फोक्सवॅगनचं तेच झालं. पोर्शेने आपल्याकडे ४२.६ टक्के शेअर आणि आणखी ३१.५ टक्क्यांचे ऑप्शन असल्याचं जाहीर केलं. लोअर सॅक्सनी राज्याकडे वीस टक्के होते. बाजारात मोकळे उरले जेमतेम सहा टक्के, आणि शॉर्ट त्याहून जास्त. दोन दिवसांत भाव काही काळ १,००० युरोच्या वर गेला. चाकणच्या कारखान्यावरची पाटी बघताना हे आठवायला हरकत नाही. जानेवारी २०२१ मध्ये गेमस्टॉपचं शॉर्ट इंटरेस्ट तर मोकळ्या शेअरच्या १०० टक्क्यांहून वर होतं. एकच शेअर उसना जाऊन विकला जातो, विकत घेणारा तो पुन्हा उसना देतो, म्हणून असं होऊ शकतं.

आपल्याकडे असा एकच आकडा समोर येत नाही, आणि त्या रिकाम्या जागी ओपन इंटरेस्ट (ओआय), म्हणजे फ्युचरच्या उघड्या सौद्यांची संख्या, दामटलं जातं. शनिवार-रविवारच्या क्लासमध्ये ‘ओआय वाढला, भाव पडला, म्हणजे शॉर्ट बिल्ड-अप’ हे सूत्र फळ्यावर हमखास असतं. पण फ्युचरच्या प्रत्येक उघड्या सौद्यात एक विकणारा असतो तसा एक घेणाराही असतो. दोन्ही बाजू कायम समान, मग निव्वळ ओआयवरून मंदीवाले जास्त कसे ठरतील? शिवाय आर्बिट्राज फंड रोख बाजारात शेअर घेऊन तेवढंच फ्युचर विकतात. त्यांना भाव पडण्याशी देणंघेणं नसतं, दोन भावांमधला फरक हवा असतो. विकलेल्या फ्युचरचा बराच हिस्सा असा असतो. एक्स्चेंज शॉर्ट सेलिंगची जी यादी देतं ती त्या दिवशी जाहीर केलेल्या विक्रीची. आजवर किती शॉर्ट साचले आहेत, ते तिच्यातून कळत नाही.

एसएलबीचं शुल्क मात्र रोख मोजलेलं असतं. कुणीतरी खिशातून पैसे काढल्याशिवाय ते वाढत नाही. बदल्याच्या, म्हणजे शुल्क भरून सौदा पुढे ढकलण्याच्या जुन्या पद्धतीच्या, काळातल्या दलालांना हे सांगायला नको: माल कमी पडला की जे शुल्क मंदीवाल्यालाच भरावं लागायचं तो उंधा बदला. जुलै २००१ मध्ये बदला बंद झाला, सदाशिव पेठेतलं पुणे स्टॉक एक्स्चेंजही २०१५ मध्ये मिटलं, पण तत्त्व तेच राहिलं आहे. एनएसईच्या संकेतस्थळावर एसएलबीच्या पानावर शेअरनिहाय शुल्क आणि उघड्या सौद्यांची संख्या दिसते. शुल्क अचानक दुप्पट झालं तर आधी त्याच शेअरचं फ्युचर रोख भावाच्या खाली चाललंय का ते पाहा. तसं असेल तर उसना शेअर विकून फ्युचर घेणारे उलट आर्बिट्राजवाले आलेत. तरीही अर्थ उरतोच, कारण फ्युचर इतकं खाली दाबणारं कुणीतरी आहे. डिव्हिडंडची तारीख जवळ असेल तर मात्र फ्युचर खाली असणं स्वाभाविक. तिथे घाई नको. आणि एका दिवसात शंभर-दोनशे शेअरचाच सौदा झाला असेल, तर तो आकडा सोडून द्या.

कराचं थोडक्यात. शेअर उसना देणं ही विक्री धरली जात नाही, त्यामुळे भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. मिळालेलं शुल्क सर्वसाधारणपणे इतर उत्पन्नात दाखवतात. इंट्राडे शॉर्टचा नफा-तोटा सट्टा व्यवसायात जातो, तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वळता होतो आणि ४ वर्षं पुढे नेता येतो. फ्युचरचा तोटा सट्टा नसलेल्या व्यवसायात धरतात, तो ८ वर्षं. सीएकडे कागद देताना एसएलबीचं पत्रक ब्रोकरकडून वेगळं मागून घ्या आणि मार्चअखेर जे शेअर उसने गेले असतील त्यांची यादी डीमॅटच्या उताऱ्याला जोडा, कारण त्या तारखेच्या उताऱ्यात ते शेअर दिसणार नाहीत.