आठ दिवस झाले तरी आळेना

गरवायला जाणाऱ्यांपैकी जे लाकडी लुअर, म्हणजे गळ लावलेले खोटे मासे, स्वतः घडवतात, त्यांच्यासाठी लिहितोय. माझे 1,850 रुपये गेले, त्याचं एवढं काही नाही. पण पावसाळाभर पडवीत बसून घडवलेले 23 मासे गेले.

मी पांगारा वापरतो, सावंतवाडीची खेळणी ज्याची करतात तोच. हलका, कोरायला सोपा, पण पाणी प्यायला हावरट. दोरी बांधायच्या कडीपाशी केसाएवढी फट राहिली तरी लाकूड फुगतं आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर महत्त्वाचा. एपॉक्सी माझ्याकडून नेहमी ओघळतं, पोटाखाली थेंब लोंबतो. म्हणून ठरवलं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं वॉर्निश, तोही दोन भागांचा: बेस आणि त्याला आळवून कडक करणारा हार्डनर.

घाटावरच्या एका विक्रेत्याचा व्हिडिओ पाहिला. फोनवर भलताच गोड. "दादा, इंपोर्टेड माल आहे, मोठ्या डब्यातून काढून देतो म्हणून स्वस्त. बिल हवं तर 18 टक्के वर लागतील." मी म्हटलं, बिल कशाला? माझी पहिली चूक तीच. लेबल नसलेल्या दोन बाटल्या आल्या, एकीवर मार्करने 'ए', दुसरीवर 'बी'. दोनास एक मिसळायचं.

मिसळलं, बरणीत मासे बुडवले, दांडीवर टांगले. अर्ध्या तासात हाताला सुके आणि काचेसारखे चकचकीत. उरलेल्या बरणीला झाकण लावून ठेवलं, दुसऱ्या दिवशी पाहिलं तर जसंच्या तसं पातळ. मी खूश! पुढचे आठ दिवस त्याच बरणीत उरलेले मासे बुडवत राहिलो. बायकोलाही सांगितलं, बघ, थेंब वाया जात नाही.

तिथेच डोकं चालायला हवं होतं. खऱ्या दोन भागांच्या पीयूत हार्डनर पडला की प्रक्रिया सुरू होते, झाकण लावा नाहीतर लावू नका. दुसऱ्या दिवशी बरणीत घट्ट गोळा मिळायला हवा. आठ दिवस पातळ राहतं ते फक्त सुकतं, आळत नाही.

ऑक्टोबरात कर्लीच्या खाडीत जिताड्यासाठी नेले. तासाभरात थर दुधासारखा पांढरा पडला, गळांनी पोटावर ओरखडे काढले आणि तिथून पाणी शिरलं. डब्यात रबरी माशांना टेकलेले दोन लुअर तर चिकट होऊन सुरकुतले. मी दोष रबराला दिला. रबर मऊ ठेवणारं तेल साध्या लॅकरला, म्हणजे थिनर उडाला की नुसत्या सुकणाऱ्या वॉर्निशला, खातं हे खरं, पण हा लॅकर आहे अशी शंकाच आली नाही.

शेवटी आमच्या वाडीतल्या पॉलिशवाल्या काकांना दाखवला. त्यांनी चिंधीवर एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा) घेतला, माशाच्या पाठीवर दोनदा फिरवला. चकाकी चिंधीवर आली, मागोमाग रंग. "ह्या साधा लॅकर. तुका गंडवल्यान रे." हार्डनर म्हणून दिलेली 'बी' बाटली त्यांनी हुंगली: निव्वळ थिनर. पूर्ण आळलेला पीयू थिनरने असा विरघळत नाही.

विक्रेत्याला फोन केला. आधी "दमट हवेमुळे झालं असेल दादा", मग नंबर ब्लॉक. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करायची म्हटलं, तर हातात काय? एका माणसाच्या नावावर गेलेले यूपीआयचे पैसे, कशाचे ते कुठेच नाही.

आता सीलबंद डबा आणि बिल, दोन्ही असेल तरच घेतो. डबा उघडला की आधी माशाला हात लावत नाही. चमचाभर मिश्रण झाकणाच्या छोट्या डबीत, आणि थोडं टाकाऊ फळकुटावर. डबीतलं आळलं आणि आठवड्याने फळकुटावरचं थिनरला दाद देत नसेल, तरच मासे टांगतो. आणि हो, खरा हार्डनर अंगणात, मास्क लावूनच मिसळा, त्याची वाफ छातीला वाईट.

त्या विक्रेत्याच्या मालाची ती बरणी माळ्यावर ठेवली आहे. पाच महिने झाले, हलवली की अजून डुचमळते.