गाडी पडवीत, मालक बोटीवर: सीटेक एक्सएस ०.८ चार्जर

मी बोटीवर इंजिनिअर. एकदा करारावर गेलो की चार-सहा महिने घर नाही, आणि तेवढा काळ माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० गुहागरला पडवीत, कापडाखाली. गाडी नव्या जे सिरीज इंजिनची, म्हणजे किक नाही. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या क्लासिकची बॅटरी बसली तरी दोन किका मारून निघता यायचं. हिची आठ अँपिअर-अवर क्षमतेची बॅटरी बसली की सगळंच बसलं.

पूर्वी चुलतभाऊ दर रविवारी येऊन इंजिन पाच मिनिटं चालू ठेवायचा. हेतू चांगला, उपयोग जवळजवळ शून्य. सेल्फला जेवढा करंट लागतो तेवढाही आयडलवर, म्हणजे गाडी जागेवर नुसती चालू ठेवून, धड भरून येत नाही, वर थंड सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच.

म्हणून हा स्वीडिश कंपनीचा छोटा चार्जर घेतला. बारा व्होल्टचा, ०.८ अँपिअर. कागदावर आकडा किरकोळ वाटतो, आणि खरंच, पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला याला अख्खी रात्र पुरत नाही. ज्याला सकाळी लगेच निघायचंय त्याने हा घेऊच नये. मी पैसे मोजले ते बॅटरी भरल्यानंतर हा काय करतो त्यासाठी. १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन हा थांबतो, मग १३.६ च्या आसपास धरून ठेवतो आणि पुढे गरजेपुरतेच हलके पल्स देतो. गॅरेजमधला साधा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर असा थांबत नाही. तो विसरून लावून ठेवलात तर बॅटरीतलं पाणी उकळवून टाकेल, आणि आमच्यासारख्या सीलबंद बॅटरीत ते परत घालायची सोय नाही. बोटीवर लाईफबोटीच्या बॅटऱ्याही आम्ही अशाच कायम चार्जवर ठेवतो. तिथे कुणी रविवारी इंजिन फिरवण्याच्या भरवशावर बसत नाही.

याला मोड निवडायचं बटणच नाही, हे मला सगळ्यात आवडलं. कोकणात पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको. लाइट आली की हा आपणहून कामाला लागतो, कुणी काही दाबायला नको. फोनवर आईला एवढंच विचारतो, "हिरवा दिवा आहे ना गं?"

"आहे रे. आणि गडगडायला लागलं म्हणून काल प्लग काढून ठेवलेला."

तेही योग्यच. चांगल्या बॅटरीचं चार-आठ दिवसांत काही बिघडत नाही. पण जीपीएस ट्रॅकर बसवला असेल तर हिशोब करा: तो समजा २० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर गेला. आठची बॅटरी अडीच आठवड्यांत रिकामी. उन्हाळ्यात तर काही न जोडताही ती जास्त वेगाने उतरते. आणि १२.४ व्होल्टच्या खाली पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरायला लागतो. उशिरा चार्ज करून तो सगळा निघत नाही.

गोल टर्मिनलवाली वायर मी बॅटरीच्या बोल्टांखाली कायमची बसवली आणि तिचं टोक साईड पॅनेलखालून बाहेर काढलं, त्यामुळे आईला पॅनेल उघडावं लागत नाही. बोल्टांना थोडं व्हॅसलीन लावलं, खाऱ्या हवेत ते हवंच. उंदरांचा बंदोबस्त मात्र तुमचा तुम्ही करा, हा चार्जर तेवढा हुशार नाही.

किंमत? जास्तच आहे. एवढ्या पैशांत या मापाची नवी बॅटरी येऊन वर पैसे उरतात. दर आठवड्याला पन्नासेक किलोमीटर गाडी फिरत असेल तर याची गरजच नाही. लिथियम बॅटरी टाकली असेल तर हा लावू नका, तिच्यासाठीचा वेगळा घ्या.

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत पार्किंगला प्लग नसेल, तर बॅटरी काढून घरी न्या. आधी निगेटिव्ह सोडवायचं, मग पॉझिटिव्ह, बसवताना उलट. महिन्यातून एक रात्र चार्जरला लावली की पुरे.