जुना गेमिंग लॅपटॉप घेताना: २०६०, ३०५०, १६६० टीआय की ऑफिसातून निघालेला वर्कस्टेशन?

एकाच किमतीत दोन जुने लॅपटॉप समोर आहेत असं धरू. एक २०१९चा, जाडजूड, एनव्हिडियाचं आरटीएक्स २०६० हे ग्राफिक्स कार्ड (खेळातलं दृश्य रंगवणारी चिप) असलेला. दुसरा २०२१चा, सडपातळ, कमी वापरलेला, आरटीएक्स ३०५०वाला. मन आधी दुसऱ्याकडेच जातं, कारण आकडा मोठा आणि अंगावर ओरखडे कमी. पण लॅपटॉप मुख्यतः गेमसाठी हवा असेल तर मी पहिला उचलेन.

कारण आहे व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी. लॅपटॉपमधल्या २०६०वर ६ जीबी व्हीरॅम असते आणि मेमरी बस, म्हणजे त्या मेमरीकडे जाणारी वाट, १९२ बिटची. सुरुवातीच्या ३०५०वर ४ जीबी आणि १२८ बिट. आजच्या मोठ्या गेममध्ये ४ जीबी चटकन भरते. मग टेक्स्चर (खेळातल्या पृष्ठभागांची चित्रं) साध्या रॅममध्ये ढकलले जातात आणि खेळ मध्येच अडखळतो. सरासरी फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात) पाहून हे कळत नाही, म्हणून विक्रेत्याने दाखवलेल्या एका आकड्यावर विसंबू नका. व्हीरॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. ३०५०ची ६ जीबीवाली आवृत्ती २०२३मध्ये आली, पण नाव तेच राहिलं. त्यामुळे जाहिरातीत नुसतं ‘३०५०’ दिसलं तर व्हीरॅम किती, हे आधी विचारा.

३०५० अगदीच टाकाऊ नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हेच रोजचे खेळ असतील तर ४ जीबी पुरते, आणि नव्या लॅपटॉपची बॅटरी व प्रोसेसर बहुधा जास्त चांगल्या अवस्थेत असतात. डीएलएसएस, म्हणजे लहान चित्र एआयने मोठं करून वेग वाढवणारं एनव्हिडियाचं तंत्र, दोन्हीवर चालतं. रोज पाठीवर घेऊन फिरायचं असेल तर वजनाचाही विचार करायलाच हवा.

आता वॅटचा मुद्दा. माझ्या मते जुन्या लॅपटॉपच्या व्यवहारात लोक सगळ्यात जास्त इथेच फसतात. लॅपटॉपच्या ग्राफिक्स कार्डाचं नाव एकच असलं तरी बनवणारी कंपनी त्याला किती वीज देते ते मॉडेलनुसार बदलतं. ३०५० हे ३५ ते ८० वॅटमध्ये येतं, ३०६० हे ६० ते ११५ वॅटमध्ये. पातळ शरीरात कोंबलेलं कमी वॅटचं ३०६० आणि भरपूर वॅटचं ३०६० यांचा वेग सारखा नसतो. २०१९-२० च्या मॉडेलच्या नावात ‘मॅक्स-क्यू’ असेल तर कार्ड कमी वॅटचं आहे हे ओळखता येतं. ३० मालिकेत मात्र नुसत्या नावावरून हे कळत नाही. तिथे एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधलं ‘सिस्टम इन्फॉर्मेशन’ उघडून ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ पाहा.

बजेट आणखी कमी असेल तर जीटीएक्स १६६० टीआय शोधा. त्यालाही ६ जीबी आहे आणि वेग २०६०च्या जवळ जातो. त्यात डीएलएसएस नाही आणि रे ट्रेसिंगचं (प्रकाश खऱ्यासारखा दाखवण्याचं) हार्डवेअरही नाही. हे हार्डवेअर नसेल तर ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम: द डार्क एजेस’ (२०२५) हे खेळ चालत नाहीत. अर्थात या दोन्ही खेळांची किमान अट ८ जीबी व्हीरॅमची आहे, म्हणजे २०६०वाल्यानेही त्यांच्या भरवशावर पैसे मोजू नयेत. मागच्या दहा वर्षांतले साठलेले खेळ खेळायचे असतील तर १६६० टीआय हा खरा स्वस्त आणि मस्त सौदा. १६५० त्याच्या बराच मागे आहे, तो अगदी शेवटचा पर्याय.

१० मालिका, म्हणजे १०५० टीआय, १०६० वगैरे, मी आता टाळेन. त्यांच्यासाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले. शिवाय त्यांच्या जोडीला बरेचदा इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर असतो आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून चालतं.

ऑफिसातून निघालेल्या वर्कस्टेशनची, म्हणजे कामासाठी बनवलेल्या दणकट लॅपटॉपची, बांधणी आणि कीबोर्ड छान असतात. त्यातलं क्वाड्रो टी१००० किंवा टी२००० हे १६५०च्याच घराण्यातलं, बहुतेकदा ४ जीबीचं. अभ्यास किंवा डिझाइनचं काम आणि अधूनमधून खेळ, अशा माणसाला ते शोभेल. मात्र विक्रेत्यासमोर बायोस (विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंग) उघडून पाहाच. तिथे जुन्या कंपनीचा पासवर्ड असेल किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर त्या कंपनीचं लॉगिन मागत असेल, तर तो लॅपटॉप तिथेच सोडा.

कोणताही लॅपटॉप निवडला तरी अर्धा तास जड गेम चालवून बघा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच पळतात, खरा वेग तापल्यावर कळतो. चार्जर मूळ वॅटचाच हवा, कमी वॅटच्या चार्जरवर कार्ड पूर्ण जोर लावत नाही. टचपॅड वर उचललेला दिसला तर खाली बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता मोठी. बिजागरीही उघडझाप करून पाहा, ती तुटली की झाकणही सोबत जातं.

पंख्यातली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, लहान एसएसडी यांना घाबरू नका, हे सगळं पुढे सुधारता येतं. ८ जीबीची एकच रॅम असेल आणि दुसरी जागा रिकामी असेल तर तिथे तशीच आणखी एक बसवा. दोन्ही रॅम जोडीने चालू लागल्यावर (याला ड्युअल चॅनेल म्हणतात) कित्येक गेममधलं अडखळणं त्याच दिवशी कमी होतं.