शनीभोवती फिरणारा कॅमेरा आणि ‘सेलेस्टिया’

कोकणात जूनच्या पहिल्या सरींबरोबर कपाटात गेलेली दुर्बीण कोजागिरीच्या आसपासच बाहेर येते. देवगड तालुक्यातल्या आमच्या शाळेत आकाशदर्शनाचा हौशी वर्ग चालवताना मधले चार महिने कसे काढायचे, हा दरवर्षीचा प्रश्न असतो. २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून गेली होती, त्यामुळे पुढचे काही महिने दुर्बिणीतून ती कडी एखाद्या रेघेसारखीच दिसणार, हे मुलांना फळ्यावर समजावून सांगून काही उपयोग होत नव्हता. कड्यांच्या वरून खाली उतरत, त्यांच्या पातळीतून पलीकडे जाणारा दोन मिनिटांचा प्रवास दाखवता आला तर ते आपोआप कळेल, असे वाटले आणि त्यासाठी ‘सेलेस्टिया’ हे संगणकावर अवकाशात फिरवून आणणारे सॉफ्टवेअर हाती घेतले.

ख्रिस लॉरेल यांनी २००१ मध्ये आणलेले हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवरही चालते. पृथ्वीवरून दिसणारे आकाश दाखवायला ‘स्टेलेरियम’ पुरेसे आहे. इथे मात्र आपण जमीन सोडून हव्या त्या ग्रहाजवळ जाऊ शकतो. माऊसने फिरवलेला कॅमेरा, म्हणजे सॉफ्टवेअरमधली आपली नजर, पडद्यावर गचके खातो, म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे कॅमेऱ्याने क्रमाने पाळायच्या आज्ञांची यादी, लिहिणे ओघानेच आले. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला साध्या आज्ञांचा: वस्तू निवडा, ‘गोटू’ने तिच्याकडे जा, ‘ऑर्बिट’ने अमुक अंश प्रतिसेकंद या वेगाने तिच्याभोवती फिरा, मध्ये ‘वेट’ने थांबा. ज्याने कधी प्रोग्रामिंग केले नाही अशा शिक्षकालाही या आज्ञा एका संध्याकाळी जमतात. ‘गोटू’ स्वतःच आधी वेग वाढवते आणि पोहोचताना कमी करते, त्यामुळे तो भाग देखणा होतो. ‘ऑर्बिट’ मात्र पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत एकाच वेगाने फिरते आणि जिथे वेळ संपते तिथे जागच्या जागी थबकते. ते थबकणे मोठ्या पडद्यावर फारच खटकते.

पहिल्या खेळाला आलेले एक पालक, जे स्वतः ट्रॉलरवर तांडेल आहेत, ते पाहून म्हणाले, “सर, धक्को दिसलो काय इंजिन सोडूक व्हया, लागल्यावर नाय.” माझ्या स्क्रिप्टवर झालेली ही सर्वांत नेमकी टीका होती, आणि तिच्यामुळेच मी दुसऱ्या मार्गाकडे, म्हणजे ल्युआ या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या स्क्रिप्टकडे वळलो. तिथे दर चौकटीला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, कॅमेऱ्याची जागा आणि दिशा आपण स्वतः ठरवू शकतो. प्रवासाचा किती भाग झाला हे शून्य ते एक या अपूर्णांकात काढायचे, त्याच्या वर्गाच्या तिपटीतून घनाची दुप्पट वजा करायची आणि येईल त्या संख्येने कॅमेरा पुढे न्यायचा. सुरुवातीला आणि शेवटी वेग शून्य, मध्यावर सरासरीच्या दीडपट. एवढ्या एका ओळीने शनीभोवतीची फेरी धक्क्याला लागणाऱ्या होडीसारखी अलगद थांबू लागली.

अंतराच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही, आणि माझा सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. सुरुवातीचे दृश्य म्हणून मी १७ अंश उत्तर, ७३.३ अंश पूर्व, म्हणजे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून वर उठायचे ठरवले होते: पृथ्वीच्या केंद्रापासून ८ हजार किलोमीटर ते ८ लाख किलोमीटर, वीस सेकंदांत. अंतर सरळ समान हप्त्यांत वाढवले तर पहिल्याच सेकंदाला सुमारे ४० हजार किलोमीटरची उडी बसते, पृथ्वी एकदम आकसते आणि उरलेले एकोणीस सेकंद पडद्यावर काहीच घडत नाही. अंतर बेरजेने न वाढवता गुणाकाराने, दर सेकंदाला सुमारे २६ टक्क्यांनी वाढवले की दहाव्या सेकंदाला आपण बरोबर ८० हजार किलोमीटरवर असतो आणि पृथ्वी संथपणे, एकसारखी लहान होत जाते. डोळ्याला पट कळते, फरक कळत नाही, हे मला वर्गात शिकवूनही इतक्या स्पष्टपणे कधी उमगले नव्हते.

ग्रहाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना मी दोन जागांमधले बिंदू आधी सरळ रेषेत काढले, आणि कॅमेरा थेट शनीच्या पोटातून गेला; मुलांना ते फार आवडले. जागा केंद्रापासूनचे अंतर, रेखांश आणि अक्षांश अशी मांडून तिन्ही वेगवेगळे सरकवले की हा घोळ मिटतो. ध्रुवावरून थेट जाणे मात्र टाळावे, कारण ‘वरची दिशा’ आणि पाहण्याची दिशा एकाच रेषेत आल्या की चित्र गर्रकन फिरते.

संदर्भचौकटीची, म्हणजे कॅमेरा कशाच्या संदर्भात स्थिर मानायचा याची, निवड हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत फसवा भाग आहे. काळाचा वेग हजारपट केला की शनी साधारण साडेबारा सेकंदांत स्वतःच्या व्यासाइतका सरकतो, त्यामुळे कॅमेरा अवकाशात स्थिर ठेवला असेल तर ग्रह हळूहळू चौकटीबाहेर निघून जातो. ‘फॉलो’ दिले की कॅमेरा त्याच्यासोबत राहतो. ‘सिंक्रोनस’ दिले तर तो ग्रहाच्या परिवलनाशी बांधला जातो आणि त्याच वेगात अडतीस-एक सेकंदांत सगळे तारे एक फेरी मारून येतात. कड्यांसाठी ‘फॉलो’च बरे.

एक चूक मात्र सर्वस्वी माझी होती. हालचाल मी चौकटी मोजून बसवली होती. ऐन कार्यक्रमात लाईट गेली, प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर आला, लॅपटॉप बॅटरीवर जाऊन मंदावला आणि चाळीस सेकंदांची फेरी दीड मिनिट चालली. स्क्रिप्ट सुरू झाल्यापासूनचे सेकंद विचारण्याची सोय ‘सेलेस्टिया’त आहे, हालचाल त्यावर बांधली की लॅपटॉप कितीही कुंथला तरी फेरी वेळेतच पुरी होते. ल्युआत पुन्हा पुन्हा चालणाऱ्या आज्ञांच्या प्रत्येक आवर्तनात (लूपमध्ये) ‘वेट’ घालायलाही विसरू नये, नाहीतर काही सेकंद वाट पाहून सॉफ्टवेअर स्क्रिप्टच बंद करते.

आज्ञांची माहिती इंग्रजीत आणि विखुरलेली आहे, हा मराठी शाळेच्या दृष्टीने मोठा अडथळा. सोबत मिळणारे पृथ्वीचे चित्रही जवळून धूसर दिसते. आमचा किनारा म्हणजे एक हिरवट पट्टा, त्यात आपले गाव शोधणारी मुले पहिल्या दहा सेकंदांतच हिरमुसतात. त्यामुळे आता मी सुरुवातच थोडी वरून करतो आणि वाचलेले सेकंद कड्यांच्या प्रतलाजवळ खर्चतो, जिथे सुमारे ४,८०० किलोमीटर रुंदीची कॅसिनी फट, म्हणजे कड्यांमधली काळी मोकळी जागा, आधी रुंद, मग अरुंद होत जाते आणि शेवटी सगळी कडी मिळून एकच रेघ उरते. त्या जागी मी कॅमेरा चार सेकंद पूर्ण थांबवतो. मागच्या खेळाला तिथे पाचवीतली एक मुलगी ओरडली, “सर, दुर्बिणीत अशीच दिसली होती!”