लाकडी नावाची पाटी: दर अक्षरावर, फुटावर की तासावर?

घरच्या पडवीत पाट्या कोरून विकायला सुरुवात केली की गिऱ्हाईक लाकूड कोणतं ते नंतर विचारतं, आधी विचारतं, "अक्षराला किती घेता?" भांड्यांवर नाव घालून घेताना लागलेली ही सवय आहे. पितळेच्या डब्यावर ती चालते. लाकडात आणि त्यातही देवनागरीत अक्षरांची संख्या आणि लागणारं काम यांचा फारसा मेळ बसत नाही.

एकाच मापाच्या दोन पाट्या घेऊ. साग, २४ इंच लांब, ९ इंच रुंद, १ इंच जाड. अक्षरं ३ इंची, खोदीव, हाताने कोरलेली. एकीवर 'कमल सदन', दुसरीवर 'श्रीकृष्ण कुटी'.

आधी सामान. तयार माप २४×९×१ असलं तरी वखारीतून २६×१०×१.२५ इंचाची फळी आणावी लागते. जास्तीचं लाकूड रंध्याखाली आणि टोकांच्या चिरांत जातं. ही फळी ०.१८८ घनफूट भरते. घनफुटाला ४,००० रुपये धरले तर साधारण ७५० रुपये होतात. पॉलिश पेपर आणि पॉलिश १५०, स्क्रू आणि पट्ट्या ८०, पॅकिंग १२०. एकूण १,१००. खालचे सगळे दर नमुन्याचे आहेत, तिथे आपल्या वखारीचे आणि आपल्या हाताचे आकडे घालावेत.

| | कमल सदन | श्रीकृष्ण कुटी |
|---|---|---|
| अक्षरं | ६ | ५ |
| सामान | १,१०० | १,१०० |
| कोरायला वेळ | २.५ तास | ४.५ तास |
| रंधणं, आखणी, पॉलिश, बोलणी | ३.५ तास | ३.५ तास |
| मजुरी (तासाला १५०) | ९०० | १,२०० |
| वीज, हत्यारांची झीज (१० टक्के) | २०० | २३० |
| पदरचा खर्च | २,२०० | २,५३० |
| अक्षरावर (अक्षराला २५० + सामान) | २,६०० | २,३५० |
| फुटावर (चौरस फूट १,८००) | २,७०० | २,७०० |
| तासावर (खर्च + २० टक्के) | २,६४० | ३,०३६ |

अक्षरावर दर लावला तर जास्त कामाची पाटी स्वस्त पडते आणि तीत १८० रुपये खिशातले जातात. फुटावर दोन्ही पाट्या निभावतात, पण एकीत ५०० सुटतात आणि दुसरीत १७०.

दोन तासांचा फरक कुठून येतो ते पाहा. 'क', 'म', 'ल' ही अक्षरं हाताला बसली की पंचवीस-पंचवीस मिनिटांत होतात. 'ष्ण'मध्ये दोन खाचांच्या मधली लाकडाची भिंत जेमतेम दोन मिलिमीटर उरते. तिथे पटाशीवर मोगरी मारायची नाही, हाताने दाबत न्यायची, नाहीतर टवका उडतो. एवढ्या एका अक्षराला तास सहज जातो. 'श्री'ला त्याहून थोडा जास्त, कारण वेलांटीचा बाक लाकडाच्या रेषांना तिरका कापत जातो आणि बाकाच्या निम्म्यावर पटाशीची दिशा उलटी करावी लागते. शिरोरेखेची गोष्ट आणखी वेगळी. ती पाटीच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे रेषांबरोबरच धावते, त्यामुळे पटाशी रेषा पकडून पळते. आधी दोन्ही कडा सुरीने कापून घ्यायच्या, मगच मधलं लाकूड काढायचं.

उठावाच्या अक्षरांत हे सगळं उलटतं. शिरोरेखा भक्कम राहते, पण काना रेषांना आडवा असल्यामुळे बारीक ठेवला तर मोडतो, आणि अनुस्वाराचा ठिपका तर हमखास उडतो. शिवाय अक्षरांभोवतीची सगळी जमीन खाली न्यावी लागते. उठावाला खोदीवच्या निदान दुप्पट वेळ धरावा. "तेवढी अक्षरं जरा वर काढा ना" ही फुकटातली फरमाईश नव्हे, ते वेगळं काम आहे.

अक्षराचा दर ठेवायचाच असेल तर मोजणीचा नियम आधी ठरवून कागदावर लिहावा: साधं अक्षर १, काना-मात्रा-वेलांटी-उकार असलेलं दीड, जोडाक्षर दोन, 'श्री' अडीच. या हिशोबाने 'कमल सदन' ६ भरतं आणि 'श्रीकृष्ण कुटी' ९. तरी गिऱ्हाईक बोटावर मोजून वाद घालायचंच.

फुटाचा दर सांगायला सोपा आणि ऐकायलाही. तो फसतो तो दोन्ही टोकांना. १२×४ इंचाची दारावरची पाटी एक तृतीयांश चौरस फूट भरते, म्हणजे १,८०० च्या दराने ६०० रुपये. पण आखणी, व्हॉट्सअॅपवरचे चार नमुने आणि पॅकिंग यांचा वेळ काही तिप्पट-चौपट कमी होत नाही. म्हणून छोट्या पाटीला किमान दर हवाच. दुसरं टोक होमस्टेच्या फाटकावरच्या ६ फूट × दीड फूट पाटीचं. ती ९ चौरस फूट, म्हणजे १६,२००. आकडा भरघोस दिसतो, पण अठरा इंच रुंद सलग सागवान मिळणं अवघड आणि महाग असतं, म्हणून फळ्या जोडाव्या लागतात. जोडकामाचा वेळ, क्लॅम्प, डिंक यातलं काही फुटाच्या दरात धरलेलं नसतं.

सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या फाइलवरून आपोआप कोरणाऱ्या यंत्रावर काम करून घेत असाल तर मात्र फुटाचा दर बऱ्यापैकी खरा ठरतो, विशेषतः उठावाला, कारण यंत्राचा वेळ मुख्यतः किती जमीन खोदायची त्यावर जातो. जोडाक्षराला यंत्र घाबरत नाही. तिथे वेळ खाते ती फाइल. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेखा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. बाह्यरेषा एकत्र न करता फाइल पाठवली तर बिट, म्हणजे यंत्राचं फिरतं पातं, त्या चढलेल्या जागेभोवतीही फिरतं आणि शिरोरेखेत जागोजाग चिरा दिसतात. म्हणून फाइल तयार करण्याचे पैसे वेगळे, एकदाच लावावेत. त्याच नावाची दुसरी पाटी आली तर ते घेऊ नयेत, गिऱ्हाईक खूश होतं.

किनाऱ्यावर आणखी काही खर्च लागतात, ते कुठल्याच दरपत्रकात आपोआप येत नाहीत. लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात आणि सागाला काळे ओघळ येतात, म्हणून पितळेचे किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यावेत. ३०४ वर समुद्रासमोर तपकिरी डाग धरतात. मे महिन्यात भिंतीवर घट्ट आवळलेली रुंद पाटी पावसात फुगते आणि जागा न मिळाल्याने बाक धरते, म्हणून पट्टीतली भोकं लांबट ठेवावीत. लाखेचं पॉलिश दमट हवेत मारलं की पांढरट होतं. नेमक्या गणपतीच्या तोंडावर, भर पावसात चाकरमान्यांच्या ऑर्डरी येतात. त्या काळात वाळवायला जास्त दिवस सांगावेत किंवा घाईचा दर लावावा. समुद्रासमोरच्या पाटीला दर एक-दोन वर्षांनी पॉलिशचा नवा हात द्यावा लागतो. त्या फेरीचे पैसे पाटी देतानाच ठरवले तर पुढे मनस्ताप नाही.

मुंबईला कुरिअरने पाठवायची असेल तर वजनावर जाऊ नये, बरेच कुरिअरवाले आकारावर पैसे घेतात. ७०×३०×८ सेंटिमीटरच्या खोक्याची तिन्ही मापं गुणून ५,००० ने भागली की वजन ३.३६ किलो धरलं जातं, आत पाटी तेवढी जड नसली तरी.

दुकानाची पाटी असेल तर महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातला २०२२ च्या दुरुस्तीनंतरचा नियम गिऱ्हाइकाला आधीच सांगावा: मराठी देवनागरी नाव हवंच, आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं त्याहून मोठी चालत नाहीत. इंग्रजी नाव मोठं मागणाऱ्याची पाटी त्यामुळे थेट मोठी होते, आणि दरही.

मग निवडायचं काय? हाताने कोरत असाल तर वहीत हिशोब तासावर ठेवा. पहिल्या दहा पाट्यांचा वेळ घड्याळ लावून अक्षरागणिक लिहा. गिऱ्हाइकाला मात्र तास सांगू नका, "दोन दिवसांचं काम आठ तासांत कसं?" असल्या चर्चा सुरू होतात. त्याला पूर्ण पाटीचा एकच आकडा द्यावा. सीएनसीवाल्याने फुटाचा दर, किमान रक्कम आणि फाइलचे पैसे अशी तिहेरी मांडणी करावी. अक्षराचा दर फक्त तयार पाटीवर मागाहून नाव टाकून मागणाऱ्यासाठी ठेवावा.

आकडा कुठलाही ठरो, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि नाव गिऱ्हाइकाच्या हाताने कागदावर लिहून घ्यावं. 'कुटी'ची 'कुटि' कोरली गेली तर पूर्ण पाटी तीन-चार मिलिमीटर रंधून पुन्हा सुरुवात करावी लागते. चूक कोणाची हे त्या कागदावरूनच ठरतं.

"घरचा फणस आहे, लाकूड आमचं" म्हणणारे कोकणात पुष्कळ. फणस कोरायला छान, पण तोडून सहा महिनेच झालेली इंचभर जाडीची फळी ओली समजावी, तिला निदान वर्ष लागतं. अशा कामाला नुसती मजुरी तासावर घ्यावी, आणि मागाहून तडा गेला तर जबाबदारी आपली नाही हे पावतीवरच लिहून द्यावं.