गुजरीचा शिक्का

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मी 27 वर्षं कंपाउंडर होतो. खाली दवाखाना, वर दहा खाटा. ट्यूबलाइट गेली की लोक ती उकिरड्याला टेकवून ठेवतात आणि पोरं तिची तलवार करतात. डॉक्टर मात्र ती नव्या नळीच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवायला लावायचे. "आत पारा आहे रे," एवढंच म्हणायचे. वय झालं म्हणून त्यांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं, तेव्हा माळ्यावरून 38 नळ्या आणि 17 सीएफएल निघाले. कपाटात पाऱ्याची चार बीपीची यंत्रं होती, आणि बिस्किटाच्या डब्यात वीस-पंचवीस थर्मामीटर. हे सगळं मार्गी लावायचं काम माझ्याकडे आलं. पुढे जे झालं ते माझ्या हातून झालं, म्हणून मीच लिहितो आहे.

नेहमीच्या भंगारवाल्याला विचारलं तर तो नळ्यांना हात लावेना. "काच कोण घेतंय मामा, यंत्रं तेवढी द्या." मी दिली नाहीत. चार दिवसांनी एक जण आपणहून दारात आला. त्याला बातमी कुणी दिली ते मला आजही कळलेलं नाही. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बाहेर एमएच 09 पाटीचा टेम्पो. बोलणं गोड. "मामा, हे विषारी सामान आहे, उद्या कुणी तक्रार केली तर डॉक्टरांचं नाव जाईल. आम्ही शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावतो, वर सर्टिफिकेट देतो."

दर असा: नळीमागे 25 रुपये, सीएफएलमागे 15, गाडीभाडं 1500. हिशेब 2705 झाला, त्याने वरचे पाच सोडले. बीपीची यंत्रं आणि थर्मामीटर मात्र "सेवा म्हणून" फुकट नेणार.

इथेच मला ठेच लागायला हवी होती. एका ट्यूबलाइटमध्ये पारा असतो काही मिलिग्रॅम. थर्मामीटरात अर्धा ते एक ग्रॅम. बीपीच्या यंत्रात शंभर ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हजारो नळ्या गोळा केल्या तरी आमच्या चार यंत्रांएवढा पारा भरणार नाही. ज्यात खरा धोका, ते तो फुकट नेत होता, कारण तो पारा विकला जातो. नळ्यांना गिऱ्हाईक नाही. उलट त्यांचं काम खर्चाचं: बंद यंत्रात हवा ओढून घेत त्या फोडायच्या, काच, टोपणं आणि आतली पांढरी भुकटी वेगळी करायची, मग ती भुकटी तापवून पाऱ्याची वाफ थंड करून परत धरायची. एवढं कोण करतो 25 रुपयांत? आणि हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. बीपीच्या यंत्रात पारा भरलेला मी हाताळला आहे. एकदा तर लग्नातली अंगठी बोटात असताना सांडलेला पारा गोळा केला आणि सोनं जागच्या जागी पांढरं पडलं. सराफाने ती दिव्यावर धरून पारा उडवून दिला. त्या बंद खोलीत आम्ही दोघांनी ती वाफ ओढली असणार, हे डॉक्टरांनी नंतर सुनावलं. त्या वाफेला ना रंग, ना वास. सोनाराच्या दुकानातला केर नेऊन झारेकरी त्यातलं सोनं पाऱ्यानेच धरतात, हेही मला त्याच सराफाने सांगितलं होतं. एवढं माहीत असून माझी ट्यूब पेटली नाही.

आता कागदाबद्दल. वर झाडाचं हिरवं चित्र, खाली इंग्रजीत बरंच काही आणि सहीवर गोल निळा शिक्का. शिक्का कानडीत. आमच्या सीमाभागात कानडी शिक्का दिसला की माणसाला वाटतं, सरकारी आहे. मला कानडी बोललेलं समजतं, वाचायचं म्हणजे अक्षरं लावत जावं लागतं. लावली. पहिला शब्द निघाला 'गुजरी'. मी मनात म्हटलं, बरोबर, गाडी कोल्हापूरची, कोल्हापूरची गुजरी म्हणजे सराफबाजार, तिथला पत्ता असेल. पुढचं वाचायच्या आधी त्याने कागद घडी करून माझ्या हातात दिला. ओळखीचा शब्द सापडल्यावर पुढचं कोण वाचत बसतो?

आणखी एक. डॉक्टरांच्या घरी टेबलावर पाचवं यंत्र होतं. बोलता बोलता मी त्याचा उल्लेख केला. टेम्पोत सामान चढेपर्यंत त्याने तीनदा विचारलं, "मामा, ते घरचं पण आणून घ्या की." डॉक्टरांनी दिलं नाही, माझ्या हयातीत नको म्हणाले. नळ्यांबद्दल त्याने एकदाही विचारलं नाही. त्या त्याने अशा फेकल्या की मीच ओरडलो.

तीन आठवड्यांनी ओळखीचा एक शेतकरी सायकलवरून आला. "दवाखान्याची खोकी आमच्या बाजूला पडल्यात. पोरं नळ्या फोडूलालेत." खानापूरच्या आसपास कौलांच्या कारखान्यांसाठी माती काढलेले जुने खड्डे आहेत. त्यातल्या एकात सगळं ओतलं होतं. नळ्या, सीएफएल, शिवाय बीपीच्या यंत्रांच्या रिकाम्या पेट्या. वरून काचनळी मोडून पारा काढून घेतलेला. खोक्यांवर डॉक्टरांचं नाव. म्हणजे ज्या नावासाठी पैसे भरले, तेच नाव खड्ड्यावर लागलं.

डॉक्टरांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, "पोरांचे हात धुतले का? कपडे बदलले का?" मग, "उघड्यावर फुटल्या हे नशीब."

खड्डा उन्हाळ्यात कोरडा असतो, पण आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. एकदा लागला की त्या खड्ड्याचं पाणी ओढ्याला आणि ओढ्याचं मलप्रभेला. पाण्याखालच्या गाळात पारा जिवाणूंमुळे रूप बदलतो आणि माशांच्या अंगात साठत जातो. जपानच्या मिनामाता गावाने ते भोगलं, कारखान्याचं पाणी समुद्रात सोडल्यामुळे. 1956 मध्ये तो आजार उघडकीला आला. आमच्या खड्ड्याची त्याच्याशी तुलना नाही, तरी मृगाच्या आधी तो साफ करायचाच होता. शेतकरी आणि मी सकाळच्या वेळी गेलो. हातमोजे, तोंडाला मास्क, वारा पाठीवर घेऊन उभं राहून. झाडू अजिबात वापरला नाही, झाडूने पारा बारीक होऊन आणखी पसरतो. जाड पुठ्ठ्याने काच आणि वरची माती उचलली, झाकणाच्या पिंपात भरली. अंगठी घरी काढून ठेवली होती, हे सांगायला नको.

मग कागद शेजारच्या पोरीला दाखवला, ती कानडी शाळेत शिकते. तिने शिक्का फडाफडा वाचला आणि हसली. "काका, 'गुजरी अंगडी' आहे. म्हणजे भंगाराचं दुकान."

त्याचा फोन बंद लागतो. पोलिसांत अर्ज दिला आहे, टेम्पोच्या पाटीचे शेवटचे दोन आकडे मला आठवत नाहीत.

बेळगावात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे. तिथे आधी जायला हवं होतं, मी नंतर गेलो. ट्यूबलाइट आणि सीएफएल ई-कचऱ्यात मोडतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तो घेणाऱ्या रीसायकलरची केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी लागते. माणूस दारात आला की नोंदणी क्रमांक विचारा आणि तो गाडीत सामान भरायच्या आधी स्वतः पडताळा. शिक्का, झाड, ओळखपत्र, यातलं काही धरून चालू नका. दवाखाना, शाळा, मंगल कार्यालय, दुकान, जिथे नळ्या साठतात तिथे हे कराच. घरच्या दोन-चार नळ्या असतील तर 2016 च्या घनकचरा नियमांत त्या घरगुती घातक कचरा म्हणून वेगळ्या धरल्या होत्या, आजही वेगळ्याच ठेवा. ओल्या-सुक्यात न टाकता नगरपंचायतीच्या किंवा पालिकेच्या माणसाला त्या कुठे द्यायच्या ते विचारा, तोवर खोक्यात अखंड ठेवा. फुटलीच तर पंखा बंद, खिडक्या उघड्या, लेकरं बाहेर. जुन्या टीव्हीत 'लाल पारा' असतो, लाखाला जातो म्हणून सांगणारे आले तर त्यांना चहासुद्धा पाजू नका, ती निव्वळ थाप आहे.

पिंप अजून दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात आहे, झाकण टेपने बंद, वर मोठ्या अक्षरात 'पारा' लिहिलेलं. मराठीत आणि कानडीत, कानडी त्या पोरीकडून लिहून घेतलं. पाचवं यंत्र डॉक्टरांच्या टेबलावर आहे. संध्याकाळी मी त्यांचं बीपी बघतो, मग यंत्र उजवीकडे कलंडवून पारा टाकीत उतरवतो आणि खटका बंद करतो.