वाडा खात्याकडं द्यावा, की गावानंच चालवायला घ्यावा?

गेल्या दोन वर्षांत तीन गावांची माणसं आमचा वाडा बघून गेली. सगळ्यांचा प्रश्न एकच. नगरपालिकेच्या मालकीचा जुना वाडा आहे, पडायला आलाय, तर पुरातत्त्व खात्याकडं प्रस्ताव टाकून राज्य संरक्षित स्मारक करून घ्यावा, की संस्था नोंदवून आपणच भाडेपट्ट्यावर घ्यावा? आम्ही दोन्ही वाटांनी चाललोय. एक अर्ध्यात सोडली, दुसरीवर अजून आहोत. त्यामुळं माझं पारडं थोडं झुकलेलं असणार, ते धरून वाचा.

धर्मादाय आयुक्तांकडची संस्थेची नोंदणी, मालमत्ता पत्रक, ठरावाची नक्कल हे तुम्हाला ठाऊकच असेल. फक्त मालकीचा कागद मुळापासून बघा. आमचा वाडा म्हणजे जहागिरीची कचेरी. 1949 ला जहागिऱ्या खालसा झाल्या, मग तिथं सरकारी दप्तर आलं, मग शाळा, शेवटी जकात नाक्याचं भंगार. जुने कागद उर्दूत. ते वाचून देणारे गावात दोनच म्हातारे उरलेत, त्यांच्याकडं आधी जा.

खात्याच्या वाटेचं मोठं बळ म्हणजे प्राचीन स्मारकांचा 1960 चा राज्य कायदा. एकदा अधिसूचना निघाली, हरकतींची मुदत संपली आणि वाडा संरक्षित झाला की नगरपालिकेच्या नुसत्या ठरावावर तो पाडता येत नाही. हे बळ साधं नाही. वाडे पडतात ते पावसानं कमी, ‘धोकादायक’ नोटीस आणि व्यापारी गाळ्यांच्या नकाशानं जास्त, असं माझं तरी मत झालंय. दुसरं, खात्याच्या माणसाला चुना कळतो. पालिकेच्या अंदाजपत्रकात चुना शोधून सापडत नाही, सिमेंट मात्र पानोपानी. पांढऱ्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते आणि चार पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटतं. पैशाचं म्हणाल, तर जिल्हा वार्षिक योजनेत गडकिल्ले आणि संरक्षित स्मारकांसाठी 3 टक्के निधी धरतात. संरक्षित नसलेल्या वाड्याला त्या दारात उभं करत नाहीत.

आणि सरकारकडं गेलेलं सगळं धूळच खातं असंही नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्यानं जन्मभर जमवलेल्या वस्तू आज शासकीय संग्रहालयात आहेत. एकाच्या घरात त्या इतकी वर्षं राहिल्या असत्या का, सांगता येत नाही.

मग आम्ही ती वाट का सोडली? अडलं ते माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, एका सवण्यावर. सवणं म्हणजे छतात उजेडासाठी ठेवलेलं भोक.

प्रस्ताव गेला तो हिवाळ्यात. पाहणी झाली, फोटो निघाले, आलेले साहेब चांगले होते, खांबांवरची नक्षी बघून हरखले. तोवर ढाळजेवरच्या (दारालगतच्या बैठकीवरच्या) सवण्याचं झाकण फुटलं होतं. मृग तोंडावर आलेला. काम किती? एक शहाबादी तुकडा, चार पाट्या खारी माती आणि अर्धा दिवस. पालिकेत गेलो, तर म्हणाले, प्रस्ताव खात्याकडं गेलाय, आता आम्ही खर्च टाकला तर लेखापरीक्षणात सापडू. खात्याकडं विचारलं, तर वाडा अजून आमच्या यादीत नाही. दोघांचंही नियमानं बरोबर असेल. पण वाडा लग्न ठरून राहिलेल्या पोरीसारखा झाला, माहेर खर्च करीना, सासर नेईना. बरं, आपणच चढावं तर किल्ली पालिकेच्या कपाटात आणि कपाटवाला रजेवर.

असे तीन पावसाळे गेले. पाणी सवण्यातून तुळईवर, तुळईवरून खांबाच्या पायाशी. तिसऱ्या वर्षी खांबाला टाचणी टोचली तर ती बोटभर आत गेली. सागवान होतं ते. आत वाळवीनं पोखरून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी पोरांनी मागच्या भिंतीवरून चढून ताडपत्री बांधली, आणि पुढच्याच महिन्यात आम्ही भाडेपट्ट्याचा अर्ज दिला.

तुमच्याकडं असंच होईल असं नाही. कुणाचं वर्षभरात होऊनही जाईल.

भाडेपट्ट्याच्या अडचणी वेगळ्या. नगरपरिषद कायद्याच्या कलम 92 प्रमाणं पालिका मिळकत देते ती तीन वर्षांसाठी, पुढं वाढवायची तर वरची परवानगी, आणि सगळी मिळून नऊ वर्षं. नवी बॉडी आली की पुन्हा सगळ्यांच्या दारी चहा प्यायला जायचं. भाडेकरूला पक्कं बांधकाम करता येत नाही, ही अट आम्हाला आधी जाचली. नंतर कळलं की ती आपल्या फायद्याची आहे. हॉल बांधा, स्लॅब टाका म्हणणाऱ्या प्रत्येक देणगीदाराला आम्ही कलमच दाखवतो.

खरा विरोध गावातूनच झाला, आणि तो खोटा नव्हता. 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट इथं कुणी विसरलेलं नाही. किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. ज्यानं घरातलं माणूस ढिगाऱ्यातून काढलंय त्याला ‘वारसा’ हा शब्द ऐकवू नये. आम्ही फक्त विरोध करणाऱ्यांना माळवदावर नेऊन माती उकरून दाखवली. दर मृगाला नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. थर सव्वा हात निघाला! तो उतरवून वीतभर ठेवला, किडकी किलचणं (तुळयांवर आडवी टाकलेली लाकडं) बदलली, कुजक्या खांबाला खालून नवा सांधा दिला. यासाठी एका इंजिनिअरचा सल्ला पैसे देऊन घेतला, तो तुम्हीही घ्या. तेवढं एक फुकटात करू नका.

बाकी कामं आखितीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), पेरणीच्या आत. वर्गणी रडतखडत जमते. लग्नाला वाडा द्यायचा का, यावर कमिटीत दोनदा भांडण झालं. वाढदिवसाचे बॅनर अजून लागतातच.

ओल मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही. श्रावणात ढाळजेच्या भिंतीला पालथा हात लावतो, एवढंच. पूर्वी हात गार पडून माती चिकटायची. गेली दोन वर्षं कोरडा निघतो.

तुमच्या वाड्यात भिंतीवर चित्रं असतील, फार बारीक कोरीव काम असेल, किंवा पालिकेत गाळ्यांचा ठराव आधीच फिरत असेल, तर खात्याकडंच जा आणि जोर लावा. तिथं गावकऱ्यांचा उत्साह उपयोगाचा नाही, उलट घातकच. संरक्षित झाल्यावर सरकारच्या स्मारक संगोपन योजनेतून देखभाल दुसऱ्याकडं देताही येते. नळदुर्गचा किल्ला तसाच दिला होता. पण साधा, मातीचा, माळवदाचा वाडा असेल आणि समोर रोज बसणारी चार माणसं असतील, तर मी आधी भाडेपट्टा घेईन. खात्याचा प्रस्ताव नंतर, छत कोरडं झाल्यावर. आणि तो टाकताना चालू देखभाल कोण करणार हे पालिकेच्या ठरावात लिहून घेईन. आमच्या ठरावात ते एक वाक्य नव्हतं.

करारात किल्लीचंही कलम घाला. आमच्याकडं आता दोन किल्ल्या आहेत. एक पालिकेत, दुसरी समोरच्या पिठाच्या गिरणीत खिळ्याला अडकवलेली. गिरणी सकाळी सातला उघडते.